परराज्याच्या वाटेवरची तयारी कोणी करावयाची?

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील पिंपळगाव रेणुकाई हे गाव हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी मराठवाड्यात आणि मराठवाड्याबाहेरही प्रसिद्ध आहे. पावसाळ्याच्या दिवसांत भोवतालच्या शिवारांतून तोडलेली मिरची या गावी येते, तिचा भाव ठरतो, ती गोण्यांत भरली जाते आणि मालमोटारींतून परराज्यांच्या बाजारपेठांकडे रवाना होते. मिरची नाशवंत खरी. तिला वारा लागला पाहिजे, ती भिजता कामा नये, दाबली जाता कामा नये आणि वेळेवर पोचली पाहिजे. यासाठी लागणारी सारी तयारी व्यापारी, हमाल आणि मोटारमालक यांच्या अंगवळणी पडलेली आहे. राज्यांच्या सीमा तिच्या वाटेत पूर्वीइतक्या आड येत नाहीत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि विक्रीकराचे नाके उठले. ताज्या भाजीपाल्यावर तर हा करच नाही, आणि इतर मालाला लागणारे ई-वे बिलही त्याला लागत नाही. राज्यघटनेच्या ३०१ व्या अनुच्छेदाने भारतभर मुक्त व्यापाराचे जे आश्वासन दिले, ते पिंपळगावच्या मिरचीच्या बाबतीत तरी बव्हंशी पुरे झाले आहे असे म्हणावयास हरकत नाही.

याच राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने नागरिकालाही देशात कोठेही जाण्याचा आणि कोठेही राहण्याचा अधिकार दिला आहे. या अधिकाराचा सर्वाधिक वापर कोण करतो हे पाहावयाचे असल्यास जालना जिल्ह्याच्याच दक्षिणेकडे, मंठा, परतूर, अंबड, घनसावंगी या तालुक्यांकडे, दसऱ्यानंतर दृष्टी टाकावी. तेथून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. काही सोलापूर, पुणे, सांगली, कोल्हापूरकडे जातात. काही थेट सीमा ओलांडून कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट भागातील कारखान्यांकडे जातात. जालन्याहून बागलकोट चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. एका संसाराने पाच-सहा महिन्यांसाठी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जावयाचे म्हणजे तयारी आलीच. ती कशी होते?

दळण दळून पिठाची पोती बांधली जातात. कोपीसाठी बांबू, ताडपत्री, एखादा पत्रा, पाण्याची पिंपे, चुलीपुरते सरपण, अंथरुणे, दोन-चार भांडी, कोयते, असल्यास शेळ्या आणि कोंबड्या, हे सारे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वा मालमोटारीत चढते. बैलगाडीवाला असेल तर बैलही चढतात. म्हाताऱ्या आईबापांना घराची किल्ली सोपविली जाते. शिधापत्रिका त्यांच्यापाशी ठेवावयाची की बरोबर न्यावयाची याचा खल होतो. थोरल्या मुलीला शाळेतून काढावयाचे की धाकट्याला सांभाळायला आजीपाशीच ठेवावयाचे, हेही त्याच रात्री ठरते. अंगणवाडीतले कार्ड, आधार कार्ड, बँकेचे पुस्तक एका पिशवीत पडते. एवढी तयारी झाली की मुकादमाची गाडी येते.

परंतु खरी तयारी याच्या चार-पाच महिने आधी झालेली असते. तिचे नाव उचल. भर पावसाळ्यात, घरात धान्य नाही, पेरणीचे देणे आहे, कोणाचे लग्न उरकले आहे वा व्हावयाचे आहे, अशा वेळी मुकादम येतो आणि नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे ऊसतोडीच्या भाषेत एका कोयत्याला, एकरकमी आगाऊ पैसे देतो. त्या क्षणी पुढील हंगामातील श्रम विकले जातात. जेथे जावयाचे तो कारखाना कोणता, राज्य कोणते, तेथे पाणी आहे की नाही, दवाखाना किती लांब आहे, यांपैकी काहीही त्या व्यवहारात ठरत नाही. ठरते ती फक्त रक्कम. स्थलांतराच्या पूर्वतयारीतील एकमेव पक्की, नेमाने होणारी आणि कधीही न चुकणारी बाब ही आहे, आणि ती मालकपक्षाने आपल्या सोयीसाठी केलेली आहे.

या उचलीचे अर्थशास्त्र जरा तपासून पाहण्याजोगे आहे. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि टनामागे २७३ रुपयांच्या आसपास असलेला दर ३६६ रुपयांवर गेला. मुकादमाचे कमिशन याखेरीज वेगळे. समजा, एका जोडीने एक लाख रुपये उचल घेतली आणि ती दिवसाकाठी दोन टन ऊस तोडते. एक लाख फेडण्यासाठी सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागेल, म्हणजे साधारणपणे १३७ दिवस काम करावे लागेल. हंगाम शंभर दिवसांत आटोपला तर हिशेब ७३ हजारांवर थांबतो आणि जवळजवळ २७ हजार रुपये अंगावर राहतात. हा हिशेबही उदार आहे. त्यात एकही खाडा धरलेला नाही, आजारपण धरलेले नाही, पाऊस पडून बंद पडलेली तोड धरलेली नाही आणि आठवड्याच्या बाजारासाठी हाती घेतलेली खर्ची तर मुळीच धरलेली नाही. अंगावर राहिलेली रक्कम पुढील वर्षाच्या उचलीत जमा होते. हंगाम किती दिवस चालावा हे मजुराच्या हाती नसते. ते पावसावर, उसाच्या क्षेत्रावर आणि कारखान्यांच्या वाढलेल्या गाळपक्षमतेवर अवलंबून असते. कारखान्याने यंत्रे वाढवून हंगाम आखूड केला तर त्याचा खर्च वाचतो, आणि मजुराचे कर्ज मात्र फिटावयाचे राहते. बाजारातील जोखीम ज्याला सर्वांत कमी पेलवते त्याच्याच डोक्यावर ती अशा रीतीने येऊन बसते.

यावर एक नेहमीचे उत्तर दिले जाते. गावातच काम द्या, म्हणजे कोणी बाहेर जाणार नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी योजनेचा जो अनुभव घेतला, त्यातून १९७७ चा कायदा झाला आणि पुढे २००५ मध्ये केंद्रानेही त्या धर्तीवर कायदा केला. या योजनांचे श्रेय कोणी नाकारू नये. तरीही त्या असताना उसाच्या टोळ्या निघतच राहिल्या, याचे कारण केवळ अंमलबजावणीतील ढिलाई नव्हे. रोजगार हमी मजुरी देते, तीही काम झाल्यावर आणि पुष्कळदा उशिरा. मुकादम कर्ज देतो, काम होण्याआधी आणि एकरकमी. ज्याला जुलै महिन्यात मुलाच्या शस्त्रक्रियेसाठी पन्नास हजार रुपये हवे आहेत, त्याला दिवसाच्या मजुरीचे आश्वासन काय कामाचे? बँकेच्या दारी तारणावाचून त्याला कोणी उभे करीत नाही. तेव्हा ऊसतोडीचे स्थलांतर हा जितका रोजगाराचा प्रश्न आहे तितकाच, किंबहुना त्याहून अधिक, पतपुरवठ्याचा प्रश्न आहे. जोवर पावसाळ्यातील त्या तीन महिन्यांत मजुराला मुकादमाखेरीज दुसरा सावकार मिळत नाही, तोवर गावात काम काढून त्याला थांबविण्याच्या योजना अपुऱ्याच पडणार.

म्हणजे स्थलांतर होणार हे धरून चालले पाहिजे. मग प्रश्न उरतो तो तयारीचा, आणि तो नवा नाही. ओडिशातून, त्या काळच्या ओरिसातून, परप्रांतात नेल्या जाणाऱ्या दादन मजुरांच्या हालअपेष्टा १९७० नंतरच्या दशकात देशापुढे आल्या आणि १९७९ साली संसदेने आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्या कायद्याची मूळ कल्पना आज वाचली तरी शहाणपणाची वाटते. मजूर ज्या राज्यातून न्यावयाचा तेथलाही परवाना कंत्राटदाराने घ्यावा आणि ज्या राज्यात न्यावयाचा तेथलाही घ्यावा. प्रत्येक मजुराला छायाचित्र लावलेले पासबुक द्यावे, आणि त्याची भाषा हिंदी वा इंग्रजी नसेल तर ते त्याच्या भाषेतही असावे. त्याला जाण्यायेण्याचा प्रवासखर्च द्यावा. घर सोडावे लागते म्हणून महिन्याच्या मजुरीच्या निम्मी रक्कम वा ७५ रुपये, यांपैकी जी अधिक असेल ती विस्थापन भत्ता म्हणून द्यावी आणि ती मजुरीतून कापू नये. राहण्यास योग्य जागा, औषधोपचार आणि स्थानिक मजुराइतकाच दर द्यावा. कंत्राटदाराने हे केले नाही तर मूळ मालकाने करावे. थोडक्यात, सीमा ओलांडण्याची तयारी ही नेणाऱ्याची जबाबदारी आहे, जाणाऱ्याची नव्हे, असे हा कायदा म्हणत होता.

उसाच्या फडात तो क्वचितच पोचला. मजूर आमचे नव्हेत, मुकादमाचे आहेत, असे कारखाने म्हणाले. मुकादम म्हणाला, मी वाहतूकदाराशी करार केला आहे. वाहतूकदाराने कारखान्याकडे बोट दाखविले. ज्या उसावाचून कारखान्याची चाके फिरत नाहीत तो ऊस तोडणाराच कारखान्याचा कोणी नव्हे, असा हा चमत्कारिक न्याय आहे. १९७९ चा तो कायदा पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेत विलीन करण्यात आला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात काही सुधारणा आहेत हे मान्य केले पाहिजे. कंत्राटदारामार्फत न जाता स्वतःहून परराज्यात कामाला गेलेला मजूरही आता व्याख्येत येतो, वर्षातून एकदा जाण्यायेण्याचे भाडे मालकाने द्यावयाचे आहे, शिधावाटपाचा लाभ दोहोंपैकी कोणत्याही एका राज्यात घेण्याची सोय सांगितली आहे. परंतु पूर्वी पाच मजूर असलेल्या आस्थापनेला लागू होणारी तरतूद आता दहा मजुरांपासून पुढे लागू होते, आणि तो विस्थापन भत्ता मात्र गळला. पंच्याहत्तर रुपयांचा तो आकडा १९७९ चा होता, तो कालबाह्य झाला होता, हे उघडच आहे. आकडा जुना झाला की तो वाढवावयाचा असतो. तत्त्वच काढून टाकावयाचे नसते.

राज्य बदलणाऱ्या माणसासाठी कायदा किती बारकाईने तयारी करू शकतो याचे उदाहरण मराठवाड्याच्याच इतिहासात आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. भोकरदनच्या शेतकऱ्याने घराचा उंबरा न ओलांडता साडेतीन वर्षांत दोनदा राज्य बदलले. या बदलात सरकारी नोकरांचे काय होणार, हा प्रश्न तेव्हा मोठा मानला गेला. हैदराबादच्या सेवेतील कारकून, तलाठी, शिक्षक मुंबई राज्यात येणार. त्यांच्या सेवाशर्तींचे काय? १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमात अशी तरतूद केली गेली, की अशा नोकरांच्या सेवाशर्ती त्यांच्या अहिताच्या दिशेने केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीवाचून बदलता येणार नाहीत. या कलमाच्या आधारे पुढे कित्येक वर्षे न्यायालयांतून ज्येष्ठतेचे खटले लढविले गेले. कचेरीतल्या माणसाने राज्य बदलले तर त्याचे काही हिरावले जाऊ नये, हे त्या वेळच्या राज्यकर्त्यांना सुचले, आणि ते योग्यच झाले. फडातला माणूस दर वर्षी दोनदा राज्य बदलतो. त्याच्या हिताला असे संरक्षण कोणत्याही कलमात सापडत नाही.

दराचेच पाहा. वर उल्लेखिलेला ३६६ रुपयांचा दर हा महाराष्ट्रातील साखर कारखान्यांचा संघ आणि मजूर संघटना यांच्यातील करारातून आला. तो करार सीमेवर संपतो, कारण पलीकडचे कारखाने त्यात पक्षकारच नसतात. तेथे दर वाढीव असला तर तो त्यांच्या गरजेने. कमी असला तर दाद कोणाकडे मागावयाची? कल्याण मंडळाचेही तेच. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेल्या ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यावयाचे आणि तितकीच भर शासनाने घालावयाची, अशी योजना आहे. योजना चांगली आहे. मात्र जालन्याच्या मजुराने बागलकोटच्या फडात तोडलेल्या टनामागे हे १० रुपये कोणी भरावयाचे? उलट, ज्याच्या शेतात हा ऊस उभा असतो त्या शेतकऱ्याची स्थिती पाहावी. केंद्र सरकार १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली रास्त व किफायतशीर दर ठरविते. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये होता आणि तो महाराष्ट्रात जसा लागू, तसाच कर्नाटकात. चौदा दिवसांत पैसे द्यावयाचे, न दिल्यास व्याज, हेही दोन्हीकडे सारखे. उसाला देशभर एक किमान भाव असू शकतो, तर तो तोडणाऱ्या हाताला का नसावा? हा प्रश्न विचारला की ‘श्रम हा राज्यांचाही विषय आहे’ असे उत्तर येते. शेती तर राज्यांचाच विषय आहे.

शिक्षकांना या प्रश्नाची ओळख करून देण्याचे कारण नाही. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते तेव्हा पटावरची नावे तशीच असतात आणि बाके रिकामी असतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे पाचवे कलम या बाबतीत फार स्पष्ट आहे. मुलाला कोणत्याही कारणाने राज्यात वा राज्याबाहेर एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जावे लागले तर तो त्याचा हक्क आहे. पहिल्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यावयाचा आणि दाखला यावयास उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेने प्रवेश नाकारावयाचा नाही. महाराष्ट्रात स्थलांतरित मुलांना शिक्षण हमी कार्ड देण्याची पद्धतही सुरू झाली. राज्यातल्या राज्यात त्याचा उपयोग होतो. परंतु मंठ्याची तिसरीतली मुलगी बागलकोट जिल्ह्यातील शाळेच्या दारात ते कार्ड घेऊन उभी राहिली, तर आत फळ्यावर कन्नड असते. तिचा हक्क शाबूत आहे आणि तिला एक अक्षर वाचता येत नाही. यावर उपाय म्हणून गावी ठेवण्याचा मार्ग काढण्यात आला. हंगामी वसतिगृहे आली, पुढे संत भगवानबाबा यांच्या नावाची शासकीय वसतिगृह योजना ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांच्या संकल्पासह आली. मुलगे त्यात राहतातही. बारा-तेरा वर्षांची मुलगी मात्र बहुधा गाडीतच चढते, कारण फडावर भाकरी कोणी थापावयाची, तान्हे कोणी सांभाळावयाचे, आणि गावी तिला कोणाच्या भरवशावर ठेवावयाचे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तिच्याकडेच येऊन थांबतात.

या संदर्भात अमेरिकेतील एक जुना प्रयोग आठवण करून देण्याजोगा आहे. तेथेही टेक्ससमधून उत्तरेकडे पिकांमागोमाग फिरणारी शेतमजूर कुटुंबे आहेत, आणि त्यांची मुले एका वर्षात दोन-तीन राज्यांच्या शाळा पाहतात. १९६९ मध्ये आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे एक मध्यवर्ती संगणक बसविण्यात आला. मूल कोणत्या इयत्तेत होते, काय शिकले, कोणत्या लसी टोचल्या, याची नोंद तेथे राहावयाची आणि नवी शाळा ती मागवून घ्यावयाची. ही पद्धत १९९५ पर्यंत चालली; तिच्यात दोषही निघाले आणि तिची जागा नंतर दुसऱ्या व्यवस्थेने घेतली. पण मुलाच्या मागे त्याचे दप्तर सरकारने न्यावे, ही कल्पना तेथे पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी रुजली. त्याआधी तो देशही या बाबतीत काही फार उदार नव्हता. मंदीच्या काळात कॅलिफोर्नियाने निर्धन माणसाला राज्यात आणणे हा गुन्हा ठरविला होता. एका गृहस्थाने टेक्ससमधून आपल्या बायकोच्या बेकार भावाला मोटारीत बसवून आणले म्हणून त्याला शिक्षा झाली, आणि १९४१ मध्ये तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द ठरविला. सीमा गरिबाला अडवू शकत नाही, एवढे त्या निकालाने ठरले. सीमेपलीकडे गेल्यावर त्याला काय मिळावे, हे ठरविण्यास त्यांनाही आणखी काही दशके लागली.

भारतात शिधापत्रिकेच्या बाबतीत हे दुसरे पाऊल पडले आहे, आणि ते मोकळेपणाने सांगितले पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण या दोन जोड्यांपासून राज्याबाहेर धान्य उचलण्याची सोय सुरू झाली आणि २०२२ च्या मध्यापर्यंत ती सर्व राज्यांत पोचली. एकाच शिधापत्रिकेवर गावी राहिलेल्या आईबापांनी आपला वाटा तेथे घ्यावा आणि कारखान्यावर गेलेल्यांनी आपला तिकडे घ्यावा, हेही शक्य आहे. तरीही अडचण राहते ती साधीच. कोपी गावापासून दूर, दुकान ठरावीक दिवशी उघडे, दिवस मोळ्या बांधण्यात गेलेला, कोयत्याने घट्टे पडलेल्या अंगठ्याचा ठसा यंत्र पटकन ओळखत नाही, आणि दुकानदाराशी बोलावयास भाषा नाही. म्हणून पिठाची पोती अजूनही गावाहूनच बांधली जातात. धान्याचा हक्क सीमा ओलांडून गेला, पण त्याची माहिती सांगणारा कोणी बरोबर गेला नाही.

तयारीचा आणखी एक प्रकार आहे आणि तो लिहिताना लेखणी अडखळावी असा आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली. राज्य सरकारला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली. वैद्यकीय कारणे, खासगी दवाखान्यांचा लोभ, अल्पवयात झालेली लग्ने व बाळंतपणे, अशी अनेक कारणे त्यामागे होती. परंतु महिन्याच्या पाळीत खाडा पडू नये, खाड्याचा दंड बसू नये, हेही एक कारण अनेक स्त्रियांनी सांगितले. हंगामासाठी कोयत्याला धार लावावी तसे स्त्रीने आपले शरीर हंगामाला जुळवून घ्यावे, इतक्या टोकाला ही तयारी जाऊन पोचली. ज्या व्यवस्थेत फडाजवळ शौचालय नाही, आडोसा नाही, पाण्याची सोय नाही आणि सुट्टीचा दिवस नाही, तेथे याहून वेगळे काय घडणार होते?

जालना केवळ माणसे पाठवितो असे नव्हे. तो परराज्यांतून माणसे घेतोही. येथील पोलादाच्या कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेशातील मजूर काम करतात. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले, ते मध्य प्रदेशचे होते आणि जालन्याहून पायी निघाले होते. तेव्हाच्या औरंगाबादहून गावाकडे जाणारी रेल्वे मिळेल, एवढीच त्यांची आशा होती. टाळेबंदीत ऊसतोड मजूरही महाराष्ट्रातच जागोजागी कारखान्यांवर अडकून पडले आणि एप्रिलमध्ये शासनाने परवानगी दिल्यावर गावी परतले. परक्या राज्यात असताना हा मजूर कोठे आहे, किती आहे, कोणाकडे आहे, हे कोणत्याही सरकारच्या दप्तरात नव्हते, ही गोष्ट त्या दोन महिन्यांत उघडी पडली. २०११ च्या जनगणनेने देशात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेले सुमारे ५ कोटी ४० लाख लोक मोजले. त्यात सहा महिन्यांसाठी जाऊन परत येणारा बव्हंशी सुटतो, कारण जनगणना फेब्रुवारीत होते आणि ‘मागील वास्तव्य’ या रकान्यात त्याचे फिरणे मावत नाही. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीने रेल्वे प्रवाशांच्या आकड्यांवरून वर्षाला सुमारे ९० लाख माणसे कामासाठी राज्य बदलतात असा अंदाज बांधला. ट्रॉलीत बसून जाणारा त्याही हिशेबात येत नाही.

मोजणीची सुरुवात मात्र झाली आहे. ग्रामसेवकाने ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्र द्यावयाचे, असा निर्णय राज्याने घेतला. २०२१ च्या अखेरीस महिला व बालविकास विभागाने स्थलांतरित गरोदर स्त्रिया, स्तनदा माता आणि बालके यांचा माग ठेवणारी व्यवस्था काही जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू केली, त्यांत जालनाही होते. हे सारे उपक्रम राज्याच्या सीमेपर्यंत पोचतात आणि तेथे थांबतात. ते पुढे न्यावयाचे तर समोरच्या राज्याने हात पुढे केला पाहिजे.

तसे करता येते. २०१२ मध्ये ओडिशा आणि आंध्र प्रदेश या दोन राज्यांनी वीटभट्ट्यांवरील स्थलांतरित मजुरांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मदतीने सामंजस्य करार केला. मुलांच्या शाळेत त्यांच्या भाषेतील पुस्तके आणि शिक्षक पाठविण्यापर्यंत त्या दोन राज्यांची सहकार्याची मजल गेली. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यात असा करार का नाही? ही दोन राज्ये एकमेकांशी बोलतात ती सीमाप्रश्नावर. महाजन आयोग १९६६ साली नेमला गेला, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. बेळगाव कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर लागेल तेव्हा लागो. बेळगावच्या फडात ऊस तोडणारा जालन्याचा मजूर महाराष्ट्राचा आहे याविषयी तर दोन्ही बाजूंचे एकमत आहे. निदान त्याच्याबद्दल बोलावयास काय हरकत?

अशा करारात फार काही लागत नाही. टोळी निघण्याआधी गावातच यादी व्हावी; तीत कारखान्याचे नाव, मुकादमाचे नाव आणि घेतलेली उचल लिहिली जावी. त्या यादीची प्रत पलीकडच्या जिल्ह्याच्या कामगार कचेरीत पोचावी. गरोदर स्त्रियांची आणि लसीकरणातल्या मुलांची यादी तेथल्या आरोग्य केंद्राला जावी. मोठ्या टोळ्या उतरतात अशा कारखान्यांच्या आवारात हंगामापुरता एक मराठी शिक्षक जालन्याच्या वा बीडच्या जिल्हा परिषदेने पाठवावा, त्याचा पगार महाराष्ट्राने द्यावा आणि वर्गाची जागा कारखान्याने. तोडलेल्या प्रत्येक टनामागचे दहा रुपये दोन्ही राज्यांत सारखे कापले जावेत आणि मजूर ज्या राज्याचा, त्या राज्याच्या महामंडळाकडे वर्ग व्हावेत. हंगाम मध्येच संपला तर न फिटलेल्या उचलीचा हिशेब मुकादमाच्या वहीत न होता दोन्हीकडच्या कामगार अधिकाऱ्यांसमोर व्हावा.

वेळेचा मुद्दा तेवढा महत्त्वाचा आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्रातील गाळप १५ नोव्हेंबरला सुरू झाले आणि विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला होते. तोवर अनेक टोळ्या निघून गेल्या होत्या. शासनाच्या बैठका सामान्यतः हंगामाच्या तोंडावर, ऑक्टोबरात होतात. उचल त्याआधीच वाटली गेलेली असते आणि उचल घेतलेल्या मजुराला कारखाना निवडण्याची मोकळीक उरत नाही. यादी करावयाची असेल तर ती आषाढ-श्रावणात झाली पाहिजे. पिंपळगावच्या बाजारात मिरचीच्या गाड्या भरल्या जातात, त्याच दिवसांत.